निळ्या वाटेची जोडी

मधल्या निळ्या पट्टीचा खालचा काठ उजव्या टोकाशी सुटला होता. फार नाही, दोन मिलिमीटर. तिथे निळा रंग खालच्या पांढऱ्यात उतरला होता आणि तसाच वाळला होता. व्लास्ता क्रोपाचोवाने खिशातली मोजपट्टी काढून खांबाला लावली, आकडा वाचला आणि मोजपट्टी परत ठेवून दिली. खूण तीन वर्षांपूर्वीची होती. रंग ओत्मारने दिला होता, आणि त्या काळात ओत्मार शिंडेलारचे काठ सुटत नाहीत असं सगळ्या जिल्ह्यात मानलं जाई. म्हणजे सुरुवात तेव्हाच झाली होती. तिला ती तेव्हा दिसली नव्हती, एवढंच.

“खांबाला नाडी असते का गं?” मागून ओत्मार म्हणाला. “केव्हाची हात लावून उभी आहेस.”

“गंज बघत होते.”

“गंज माझ्या गुडघ्यात बघ. चल, खरवड.”

मे महिन्यातला शनिवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. रिबनोव स्टेशनासमोरच्या या दिव्याच्या खांबापासून जुन्या गावाची फेरी सुरू होते. बिअरच्या कारखान्याची लांब भिंत, खालची वेस, चौक, चर्चमागची गल्ली, गिरणी, पाणवेस, मग तटाच्या कडेकडेने किल्ला आणि परत स्टेशन. रमतगमत चालणाऱ्याला दोन तास पुरतात. वाटेवर चौतीस खुणा आहेत. प्रत्येक खूण म्हणजे दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात तीन आडव्या पट्ट्या, वरची आणि खालची पांढरी, मधली निळी. परगावचा माणूस नकाशा घरी विसरला तरी चालतं. एक निळी खूण मागे पडली की पुढची दिसली पाहिजे. दर तीन वर्षांनी या खुणा खरवडून पुन्हा रंगवायच्या असतात, आणि ते काम पायी भटकणाऱ्यांच्या क्लबातल्या जोड्या आपापसांत वाटून घेतात. जोडीत एक प्रमुख आणि एक सोबती. कागदावर सही प्रमुखाची. कुणी वाट चुकलं तर जाब त्याला विचारायचा.

सत्तावीस वर्षं ओत्मार प्रमुख होता आणि व्लास्ता सोबतीण. पांढऱ्या पट्ट्या तिच्या, रंगाची पट्टी त्याची. असा काही नियम नव्हता. पहिल्या दिवशी तो तसं म्हणाला होता आणि पुढे ते तसंच चालत आलं.

तिने तारेच्या ब्रशने जुना रंग खरवडला, फडक्याने पुसला, वरची आणि खालची पट्टी मारली. मग पिशवीतून निळ्या रंगाचा डबा काढून, झाकण उघडून त्याच्या हातात दिला. त्याने मधली पट्टी ओढली. काठ पुन्हा किंचित सुटला. व्लास्ताने फडक्याच्या टोकाने तो सारखा केला.

“काय पुसतेस?”

“माशी.”

“बिचारी निळी होऊन मेली,” ओत्मार म्हणाला आणि डबा घेऊन पुढे निघाला.

निळी. त्याने शब्द बरोबर वापरला होता. पण डबा तिने दिला होता.

शुक्रवारी क्विदोचा फोन आला होता. जिल्ह्यातल्या सगळ्या वाटा क्विदो बघायचा. बोलायला मऊ, यादीच्या बाबतीत कडक. “व्लास्ता, उद्या बारापर्यंत मला नाव हवं. पुढच्या तीन वर्षांची यादी दुपारी प्रागला जाते. प्रमुख म्हणून ओत्मारचं नाव मी लिहिणार नाही, आणि का ते तुला माहीत आहे. तू प्रमुख हो, फेरी तुमच्याकडेच राहील. नाहीतर मी ती दुसऱ्या गावच्या जोडीला देतो.”

“आणि त्याला कोण सांगणार?”

“तू. नाहीतर पत्र जाईल. छापील.”

“बघते,” व्लास्ता म्हणाली होती.

हे ‘बघते’ नोव्हेंबरपासून चालू होतं. ऑक्टोबरात ती न्यूमोनियाने तीन आठवडे दवाखान्यात होती. तेवढ्यात नगरपालिकेने पाणवेशीजवळचे दिव्याचे सात खांब बदलले. नवे खांब म्हणजे कोरे खांब. एकट्याने रंगवायला जायचं नाही हा क्लबचा सगळ्यात जुना नियम ओत्मारला पाठ होता, तरी तो गेला. पाणवेशीपाशी दोन वाटा एकत्र येतात. गावाची निळी वाट तिथे डावीकडे तटाखाली वळते. हिरवी तळ्याचा बांध ओलांडून रानातल्या पडक्या गढीकडे जाते, नऊ किलोमीटर. ओत्मारजवळ दोन्ही डबे होते. त्याने सातही खांबांवर हिरवी पट्टी मारली. आठ दिवसांनी कुठल्याशा गावचं एक शिक्षक जोडपं, निळी खूण कुठेच न सापडल्याने, संध्याकाळपर्यंत त्या बांधावरून पुढे चालत राहिलं. बाईंचा गुडघा अधू. शेवटी मासेमारीवाल्यांच्या ट्रॅक्टरने त्यांना परत आणलं. पत्र क्विदोकडे आलं, सोबत फोटो. क्विदोने फोन व्लास्ताला केला, ओत्मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगात अजून कणकण असताना, ती एकटीच गेली आणि सातही पट्ट्या निळ्या करून आली. ‘दुरुस्ती झाली’ असं तिने क्विदोला कळवलं. कशाची दुरुस्ती, ते लिहिलं नाही. ओत्मारला काहीच सांगितलं नाही. तेव्हापासून जेव्हा जेव्हा ते रंगवायला निघत, तेव्हा डबा ती स्वतः उघडून त्याच्या हातात देत असे.

ओत्मार अडतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवत होता. दर दोन वर्षांनी त्याच्या डोळ्यांची रंगपरीक्षा व्हायची. ठिपक्यांच्या पानांमधले आकडे तो डॉक्टरांच्या आधी वाचायचा, असं तो स्वतः सांगायचा, आणि त्याची बायको हेडविका म्हणायची, “हो, आणि बूट कुठे काढले ते मात्र दिसत नाही.”

कारखान्याच्या भिंतीपाशी हवेत उकडलेल्या सातूचा वास होता. पुढची खूण इथे कोपऱ्यावरच्या खांबावर. व्लास्ताने पांढऱ्या पट्ट्या मारल्या. मग तिने आज पहिल्यांदाच वेगळं केलं. निळा आणि हिरवा असे दोन्ही डबे पिशवीतून काढून खांबाच्या बुडाशी शेजारी शेजारी ठेवले, चिठ्ठीची बाजू भिंतीकडे करून. हिरव्याची गरज पाणवेशीपर्यंत पडणार नव्हती.

“माझे हात भरलेत,” ती म्हणाली. “तूच घे.”

ओत्मारने वाकून एक डबा उचलला. निळा.

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच स्वतःला आवरलं. एक मोजणी म्हणजे काहीच नव्हे. पाण्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तिने मुलींना हेच शिकवलं होतं: एकदा बरोबर आलं तर आनंद मानू नका, पुन्हा करा.

खालच्या वेशीपाशी तिने पुन्हा तसंच केलं. पुन्हा निळा. वेशीच्या कमानीखालून जाताना ओत्मार शीळ घालत होता. कदाचित क्विदो उगाच घाबरतोय, असं तिच्या मनात आलं. कदाचित ऑक्टोबरात ऊन तिरकं असेल, डबे अदलाबदल झाले असतील. असं वाटणं किती सोपं जातं, हेही तिच्या लक्षात आलं.

चौकात त्यांचं काम नेहमी हळू चालतं. चौकातल्या घरांना हात लावायला वारसा खात्याची परवानगी नाही. चारशे वर्षांपूर्वी कुणी ओल्या गिलाव्यावर कोरलेली चित्रं, त्यांवरच खुणा कशा मारणार? म्हणून इथे खुणा पन्हळींच्या उभ्या नळांवर असतात.

“लोक इथे येऊन घरं बघतात,” ओत्मार दर वेळी म्हणे, “आणि आपण नळ. रिबनोवच्या नळांवर मी पुस्तक लिहू शकेन. दोन खंड.”

“तिसरा खंड माझ्या नळावर लिही,” बेकरीच्या दारातून मार्सेला ओरडली. तिची बेकरी चौकाच्या कमानींखाली होती आणि दारात उभं राहून चौकातलं सगळं ऐकणं हा तिचा अर्धा धंदा. “सत्तावीस वर्षं त्यावर चौकोन काढताय, पण तो गळतो ते एकालाही दिसत नाही!”

“आम्ही रंगारी, मार्सेला. प्लंबरला बोलव.”

“प्लंबर काय, माझा नवराच आहे! म्हणून तर गळतोय. या, कोलाच गरम आहेत. प्रमुखसाहेबांना खसखशीचा. आणि तुम्हाला, व्लास्ता?”

“तिलाही खसखशीचा,” ओत्मार म्हणाला.

व्लास्ताला आवडायचा तो आलुबुखाराच्या मुरंब्याचा. तो समोरच्या ताटात होता, कडा खरपूस झालेला. तिने खसखशीचा घेतला.

कमानीखालच्या बाकावर बसून त्यांनी ते गोल, गोड कोलाच पाव खाल्ले. मार्सेला दाराला टेकून उभी राहिली. “हेडविका काय म्हणते, ओता? अजून हिला सवत म्हणते?”

“आता सवत नाही म्हणत. म्हणते, एक शनिवार आड का होईना, कुणीतरी तुला घरातून बाहेर नेतं, तिला मुद्दाम नाताळची भेट पाठवते मी.”

“खरंच पाठवते,” व्लास्ता म्हणाली. “मोजे.”

तिघंही हसली. मार्सेला आत गेली तशी ओत्मारने हात झटकले. “चल. परकी हो.”

हा त्याचा शब्द होता. खूण रंगवण्याआधी एकाने मागे कोपऱ्यापर्यंत जायचं आणि गाव पहिल्यांदा बघणाऱ्या माणसासारखं चालत यायचं. काही माहीत नाही, कुठे वळायचं ठाऊक नाही, असं समजून. खूण आपोआप डोळ्यांत भरली तर जागा बरोबर. परकं होणं व्लास्ताला नेहमी अवघड जाई, कारण तिला प्रत्येक दगड माहीत होता. ती चौकातल्या प्लेगच्या स्मारकस्तंभापर्यंत गेली आणि वळली.

घरांवरची चित्रं उन्हात स्पष्ट दिसत होती: शिकारी, हरणं, चौकटीतले ढाली-मुकुट. कमानींचे खांब एकामागून एक. आणि चौथ्या नळापाशी, पाठीला पिशवी लावलेला एक म्हातारा माणूस. तो नळावर चेहरा आणून उभा होता. त्याने अंगठ्याने जुन्या खुणेचा वरचा काठ चाचपला, मग खालचा, मग मधली पट्टी कुठून कुठवर आहे ते बोटांनी मापलं. जसं अंधारात कुलपाचं भोक शोधतात. ऊन थेट नळावर पडलेलं होतं.

व्लास्ता तिथेच थांबली. शेजारी उभं राहून हे तिला कधी दिसलं नव्हतं.

ती परत आली. “दिसते,” म्हणाली. “जागा बरोबर आहे.” पांढऱ्या पट्ट्या मारल्या. दोन्ही डबे ठेवले.

ओत्मार वाकला, एक डबा उचलला, झाकण काढलं, काडीने ढवळला. हिरवा. तळ्यावरच्या शेवाळासारखा हिरवा. त्याने ब्रश बुडवला, डब्याच्या कडेवर निपटला आणि नळाकडे वळला.

“थांब,” व्लास्ता म्हणाली.

“काय झालं?”

“तो घट्ट झालाय. दुसरा घे.”

ओत्मारने डब्यात बघितलं. मग तिच्याकडे. “कालच तर ढवळला होता मी.”

“तरी घे दुसरा.”

त्याने ब्रश फडक्याला पुसला. फार वेळ पुसला. झाकण लावून अंगठ्यांनी दाबलं आणि दुसरा डबा उचलला. त्यानंतर चर्चमागच्या गल्लीत आणि गिरणीपाशी व्लास्ताने डबे जमिनीवर ठेवले नाहीत. आपण त्याला पाण्याच्या नमुन्यासारखं तपासलं, याची तिला लाज वाटत होती. आकडा मिळाला होता, आणि आता त्या आकड्याचं काय करायचं ते तिच्यावर होतं. साडेअकरा वाजायला आले होते. ओत्मार शीळ घालत नव्हता.

गिरणीच्या पाटावर पाणी जोरात वाहत होतं. तिथे उभं राहून पांढरा रंग मारताना तिला प्रयोगशाळेतला अहवालाचा कागद आठवला. खाली दोन रकाने असायचे. ‘तपासलं’ आणि ‘मान्य’. पहिल्यात तिची सही, चौतीस वर्षं. दुसऱ्यात तीन साहेब येऊन गेले. त्यांतल्या मधल्याला नायट्रेट आणि नायट्राइट यांतला फरकही कळायचा नाही. ती पेन्सिलने समासात लिहून द्यायची आणि तो सही करायचा. तो गेला तेव्हा वरून तिला विचारणा झाली होती. ती म्हणाली, बघते. महिनाभराने तिसरा साहेब आला. तिला वाईट वाटलं नव्हतं. किंवा थोडं वाटलं होतं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं होतं. चूक झाली तर ती दुसऱ्या रकान्याची असे.

ओत्मारचं मन दुखवायचं नाही म्हणून आपण गप्प आहोत, असं ती सात महिने स्वतःला सांगत होती. ते खरं होतं. पण सगळं खरं तेवढंच नव्हतं.

पाणवेस म्हणजे तटातलं एक बुटकं, जाड भिंतींचं दार. बाहेर पडलं की समोर एकदम तळं उघडतं आणि बांधावरची ओकची रांग. वेशीबाहेर ते सात नवे खांब ओळीने उभे होते. त्यांवरच्या खुणा ताज्या, चकचकीत.

“या राहू देत,” व्लास्ता पुढे चालत म्हणाली. “गेल्या शरदातल्याच आहेत.”

ओत्मार पहिल्या खांबापाशी थांबला. “माहीत आहे. मीच केल्या होत्या.” त्याने मधल्या पट्टीवरून बोट फिरवलं, एकदा, सावकाश. “आणि मग तू केल्यास.”

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

“ब्रश डावीकडून उजवीकडे ओढलाय,” तो म्हणाला. “टेकवला तिथे रंग जाड आहे, सुटला तिथे पातळ. मी उलटा ओढतो. डावखुरा. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, पण ब्रश त्यांनी हातात दिला नव्हता, तो डाव्यातच राहिला. निळं की हिरवं ते मला आता सांगता येत नाही, व्लास्ता. पण हात कुणाचा ते सांगता येतं.”

“कधी कळलं?”

“डिसेंबरात. एकटाच फिरायला आलो होतो. पट्टीवर रंगाचा दुसरा थर दिसला. आधी वाटलं, पोरांनी काहीतरी केलं असेल. मग बोट लावलं. घरी जाऊन हेडविकाला घेऊन आलो, विचारलं, कोणता रंग आहे? म्हणाली, निळा. म्हटलं, मग मी कोणता मारला होता?”

“डॉक्टरकडे...”

“गेलो. मोतीबिंदू असता तर काढला असता. पडदाच झिजतोय. तो काही बदलत नाहीत. चालायला, वाचायला बरीच वर्षं पुरेल म्हणाले. आधी निळं आणि हिरवं जातं.” तो खांबाला टेकला. “सिग्नल लाल असता तर अजूनही दिसला असता मला. एवढीच माझी अब्रू राहिली.”

“ओता, मला सांगायचं होतं...”

“नव्हतं सांगायचं. सात महिने झाले. डबा उघडून हातात देतेस, लहान मुलाला औषध दिल्यासारखा. मला वाटायचं, आज बोलेल. पुढच्या वेळी बोलेल. मग आज ते दोन डबे मांडलेस.” त्याचा आवाज चढला नाही. “पहिले दोन माझे नशिबाने आले, कळलं का? मी डोळे मिटून उचलले होते. तिसरा चुकला.”

“चूक माझी आहे. तुला तसं तपासायला नको होतं.”

“तपासलंस त्याचा राग नाही. तपासून ‘घट्ट झालाय’ म्हणालीस, त्याचा आहे.”

तेवढ्यात वेशीतून एक वयस्क जोडपं बाहेर आलं, पुढे आखूड पायांचा कुत्रा. गृहस्थांच्या हातात घडीचा नकाशा होता. रंगाने माखलेले हात आणि डबे बघून ते खुशीत थेट ओत्मारकडे आले. “नमस्कार! बरे भेटलात. आम्हाला गावाची फेरी करायचीय, निळी. ही निळीच ना? बायको म्हणते इथून वर जायचं, मी म्हणतो डावीकडे.”

ओत्मारने खुणेकडे पाहिलं. तो काहीतरी ठोकून देऊ शकला असता. दोनातला एक अंदाज बरोबर आला असता. त्याने तसं केलं नाही. तो व्लास्ताकडे बघत राहिला, आणि ते गृहस्थही, त्याची नजर धरून, तिच्याकडे वळले.

“निळी,” व्लास्ता म्हणाली. “डावीकडे, तटाखाली. सातवा खांब संपला की पायऱ्या लागतील.”

“बघ!” गृहस्थ बायकोला म्हणाले.

“बघितलं. चाळीस वर्षांत एकदा,” बायको म्हणाली. “आता वर्षभर ऐकेन.” कुत्र्याने दोरी ओढली आणि ती तिघं तटाच्या सावलीत चालू लागली.

ओत्मारने ते दिसेनासे होईपर्यंत वाट पाहिली. “क्विदोचा मला दोनदा फोन आला या आठवड्यात,” तो म्हणाला. “मी उचलला नाही. मी उचलला नाही म्हणजे त्याने तुला केला असणार. काय म्हणतो?”

तिने सांगितलं. यादी, बारा वाजता, दुसऱ्या गावची जोडी, छापील पत्र. काही गाळलं नाही.

“हं.” तो तळ्याकडे बघत होता. वारा पडला होता. बांधावरच्या ओकांचं प्रतिबिंब पाण्यात सरळ उभं होतं. “आणि तू वाट बघतेस की मी म्हणेन, व्लास्ता, मी थकलो, आता तूच सांभाळ.”

ती अगदी त्याचीच वाट बघत होती. सात महिने.

“ते मी म्हणणार नाही,” ओत्मार म्हणाला. “मानासाठी नाही. थोडं मानासाठी. पण मी सोडलं म्हणून तुझ्याकडे आलं, असं झालं की तू पुन्हा सोबतीणच राहशील, फक्त कागद बदलेल. काही चुकलं की म्हणशील, मी कुठे मागितलं होतं. तुला सत्तावीस वर्षं ओळखतो मी. काठ तुझे माझ्यापेक्षा सरळ येतात. पहिल्या वर्षापासून.”

“तू कधी म्हणाला नाहीस.”

“तू कधी रंग मागितला नाहीस.”

चर्चची घंटा वाजू लागली. बाराची घंटा रिबनोवला लांबते. आधी मोठी, मग तिच्यात लहान मिसळते. पिशवीच्या बाहेरच्या खिशात फोनही वाजायला लागला.

“उचल,” ओत्मार म्हणाला. “क्विदो वेळेचा पक्का आहे.”

तिने फोन काढला. पडद्यावर क्विदोचं नाव. “आणि तू?” तिने विचारलं. “पांढऱ्या पट्ट्या मारशील?”

“आत्ता विचारू नकोस. मला माहीत नाही.” तो खांबापासून बाजूला झाला, जवळच्या दगडावर बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला, फार लक्ष देऊन. “खरंच माहीत नाही, व्लास्ता.”

तिला वाटलं होतं तो हो म्हणेल, आणि मग बोलणं सोपं जाईल. तो हो म्हणाला नव्हता. आता नुसती तिची बाजू उरली होती, आणि तिला आधार द्यायला दुसरा रकाना नव्हता.

तिने बटण दाबलं. “बोल, क्विदो.”

“बारा वाजले,” क्विदो म्हणाला. मागे कुठेतरी ताटांचा आवाज होता. “बघते म्हणू नकोस, प्लीज. मी पेन घेऊन बसलोय.”

ओत्मारचे हात नाडीवर थांबले होते.

“लिही,” व्लास्ता म्हणाली. घंटेमुळे तिला आवाज चढवावा लागला. “रिबनोवची फेरी आमच्याकडेच राहील. प्रमुख मी. सोबती ओत्मार शिंडेलार, त्याला पटलं तर. पटलं नाही, तरी प्रमुख मीच.”